फुगडी शिकावी कशी?



श्रावण लागला, की आपल्या परभणी जिल्ह्यातल्या गावागावांत पंचमीची चाहूल लागते. लिंबाच्या फांदीला झोके चढतात, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, आणि रात्रीची जेवणे आटोपली, की देवळापुढच्या पटांगणात फेर धरला जातो. आधी गाणी होतात, मग झिम्मा होतो, आणि अंग चांगले तापले म्हणजे पाळी येते फुगडीची. भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या म्हणजे पुन्हा तोच थाट.

मध्यंतरी एका खेड्यातल्या शाळेचे गुरुजी मला भेटले. म्हणाले, "सर, स्नेहसंमेलनाला आठ दिवस राहिले. मुलींच्या फुगड्या बसवायच्या आहेत. लवकर शिकवायची काही युक्ती आहे का?" मी म्हटले, "आहे. पहिले चार दिवस त्यांना गरगर फिरूच देऊ नका." गुरुजी हसले. मी थट्टा करतो आहे, असे त्यांना वाटले असावे. पण ती थट्टा नव्हती. जे मी त्यांना त्या दिवशी उभ्या उभ्या सांगितले, तेच आज तुम्हांला जरा बैजवार सांगणार आहे.

फुगडी हा खेळ आहे, तसा तो नाचही आहे. आणि तो दोघांचा नाच आहे. लेझीम एकट्याला घुमवता येते, चुकली तरी शेजाऱ्याचे काही बिघडत नाही. फुगडीचे तसे नाही. तिच्यात तुमचा तोल तुमच्यापाशी नसतो, तो समोरच्याच्या हातांत असतो, आणि समोरच्याचा तुमच्या. म्हणूनच आपल्या संतांना हा खेळ जवळचा वाटला असावा. एकनाथमहाराजांनी फुगडीवर रूपक रचले, तुकोबांच्या गाथेत फुगडीचे अभंग आहेत. वारीच्या वाटेवर बायका तर फुगड्या घालतातच, पण पांढऱ्या मिशांचे म्हातारेही कमरेला उपरणे बांधून फुगडी धरतात, आणि तेथे लहानथोर, सावकार-कूळ, मास्तर-विद्यार्थी असा काही भेद उरत नाही.

या वारीच्या वाटेवरच माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगितल्याशिवाय पुढचे बोलणे खरे होणार नाही.

शेगावच्या गजाननमहाराजांची पालखी आषाढीला पंढरपूरकडे जाताना आपल्या परभणी-गंगाखेडावरून जाते. गंगाखेड म्हणजे जनाबाईंचे गाव. काही वर्षांपूर्वी त्या वाटेवर मी दर्शनाला गेलो होतो. दुपारच्या विसाव्याला टाळकरी खेळात रंगले होते. साठी उलटलेला एक वारकरी माझ्यापुढे आला, हात पसरले आणि म्हणाला, "या माउली, एक गिरकी होऊ द्या." मला फुगडी येत होती, म्हणजे येते असा माझा समज होता. लहानपणी बहिणींबरोबर खेळलो होतो. मी हात दिले. पाच-सहा फेऱ्या झाल्या. म्हाताऱ्याने वेग वाढवला. भोवतालची माणसे, झाडे, पताका सगळ्यांची एकच पट्टी झाली, माझ्या पोटात गोळा आला, आणि मी हात सोडून दिले.

मी दोन पावले धडपडलो आणि उभा राहिलो. तो म्हातारा मात्र मागच्या मागे फेकला गेला. पडताना त्याने हात टेकला आणि मनगट दुखावले. दिंडीबरोबरच्या डॉक्टरांनी पट्टी बांधली. तो मला एक शब्दही वाकडा बोलला नाही. उलट हसून म्हणाला, "भ्यायलात व्हय, माउली? भ्यालं तरी हात सोडू नये." एवढे बोलून, पट्टी बांधलेला हात गळ्यात अडकवून, तो पुढच्या मुक्कामाला चालू लागला.

श्रोतेहो, मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवतो आहे, पण त्या एका वाक्याने मला जेवढे ओशाळे केले, तेवढे कोणी केले नाही. घरी आल्यावर मी हा प्रकार माझ्या थोरल्या बहिणीला सांगितला. ती पंचमीला माहेरी आली होती. ती म्हणाली, "ये अंगणात. हात दे." मी हात दिले. तिने मला फिरवले नाही. नुसते धरून उभे केले, आणि म्हणाली, "बघ, तू हात धरतोस, पण भार देत नाहीस. कोपरं वाकवून ठेवतोस, कंबर मागं काढतोस. निम्मा जीव तुझ्याच पायांवर ठेवलास. मग वेग आला, की तुला सुटून जावंसं वाटणारच."

माझी सवय लहानपणापासूनची होती. लहानपणी बहिणी माझ्याहून मोठ्या आणि दणकट. मी भार दिला नाही, तरी त्या मला ओढून नेत, फुगडी रंगे, आणि लोक म्हणत, पोरगा छान खेळतो. दोघांच्या नाचातली ही गोम नीट ध्यानात घ्या. जोडीदार चांगला असला, म्हणजे आपली खोड झाकली जाते, आणि झाकलेली खोड वर्षानुवर्षे मुरते. ती उघडी पडते ती भलत्या वेळी, आणि तिची किंमत बहुधा दुसराच देतो.

आता फुगडीत नेमके काय घडते ते पाहू. दोघी समोरासमोर उभ्या राहतात. पायांचे चवडे जवळजवळ भिडलेले. उजव्या हातात उजवा, डाव्यात डावा, अशी हातांची फुली होते. मग दोघी मागे रेलतात. दोन्ही अंगांचा भार एकमेकींना तोलून धरतो आणि त्या जोडीचा एक आस तयार होतो. तो दोघींच्या मधल्या मोकळ्या जागेतून जातो. एकटी मुलगी जेवढी रेलली असता पडली असती, तेवढे रेलून दोघी उभ्या राहतात. हीच फुगडीची गंमत, आणि हेच तिचे शास्त्र.

विज्ञानाच्या शिक्षकांनी येथे एक हिशेब फळ्यावर जरूर मांडावा. समजा, मुलीचे वजन ४० किलो आहे आणि तिच्या अंगाचा मध्य आसापासून ४० सेंटिमीटर दूर आहे. दोन सेकंदांत एक फेरी होत असेल, तर तिला वर्तुळात धरून ठेवायला सुमारे १६ किलो वजनाइतकी ओढ लागते. तीच फेरी एका सेकंदात केली, तर ओढ लागते सुमारे ६४ किलोची. वेग दुप्पट केला, ओढ मात्र चौपट झाली. यातली थोडी ओढ पायांखालची जमीन पेलते, बाकीची हातांवर येते. म्हणूनच सावकाश फुगडीत जी पकड पुरते, ती वेगात पुरत नाही. आणि हात सुटला, की माणूस वर्तुळात राहत नाही, होता तेथून सरळ रेषेत बाहेर फेकला जातो. तो रेललेला असतो, म्हणून पाठीवर पडतो. त्या वारकऱ्याचे असेच झाले.

जोडी विषम असेल तर काय? एक थोराड, एक किरकोळ. तेव्हा आस मध्यावर राहत नाही, जड अंगाकडे सरकतो. म्हणून जड असेल तिने कमी रेलावे, हलकी असेल तिने जास्त. जड मुलगी मनसोक्त रेलली, की हलकी तिच्यावर ओढली जाते आणि दोघी कोलमडतात. आपल्या आया-मावश्यांना हे गणित कोणी शिकवले नव्हते, पण लहान पोरीशी फुगडी घालताना त्या आपोआप सरळ उभ्या राहतात. पाहा कधी निरखून.

आता शिकण्याचा क्रम सांगतो. आठ दिवस हातांत आहेत, असे धरून चाला.

पहिल्या दिवशी झिम्मा. टाळ्या देत घेत जोडीदाराचा ताल ओळखायचा. ज्यांच्या टाळ्या जुळत नाहीत, त्यांची पावले काय जुळणार? दुसऱ्या दिवशी नुसती पकड. बोटांच्या टोकांनी धरायचे नाही. पंजा पंजात पूर्ण बसला पाहिजे, अंगठा मिटलेला पाहिजे. अंगठ्या आणि काचेच्या बांगड्या उतरवून ठेवायच्या. तिसऱ्या दिवशी रेलणे. पाय जागचे हलवायचे नाहीत. कोपरे सरळ करायची, टाचेपासून डोक्यापर्यंत अंग फळीसारखे एका रेषेत ठेवायचे, आणि दोघींनी बरोबरच, हळूहळू मागे जायचे. दहा अंक मोजायचे, मग बरोबरच सरळ व्हायचे. हे दहा-बारा वेळा. बाहेरून पाहणाऱ्याला यात काही नाच दिसत नाही, पण सगळी फुगडी येथेच शिकून होते. माझ्या बहिणीने मला तीन दिवस एवढेच करायला लावले होते.

चौथ्या दिवशी तसेच रेलून सावकाश चालायचे. चवड्यांवर, लहान लहान पावलांनी, पाय जमिनीलगत ठेवून. एका फेरीला चार-पाच सेकंद लागू द्या. या वेगाला थोडेच रेलायचे, हे सांगायला नको. पाचव्या दिवशी सर्वांत महत्त्वाचा धडा, आणि तो बहुतेक कोणी शिकवतच नाही. तो म्हणजे थांबणे. आधी वेग कमी करायचा, मग दोघींनी सरळ व्हायचे, मग पाय थांबवायचे, आणि हात अगदी शेवटी सोडायचे. थांबायचे असेल तेव्हा "बस" असे मोठ्याने म्हणायचे आणि समोरचीने ते तत्काळ मानायचे. ज्या जोडीला थांबता येत नाही, तिला वेग घेऊ देऊ नका. सहाव्या-सातव्या दिवशी मग वेग वाढवा, उजवीकडे आणि डावीकडे दोन्ही बाजूंनी फिरवा, आणि आठव्या दिवशी गाणे व पकवा जोडा. पकवा म्हणजे तोंडाने काढायचा तो पक् पक् आवाज. तो नुसता शोभेचा नाही. त्याने ताल राहतो आणि श्वास कोंडत नाही.

रोजचा सराव पंधरा-वीस मिनिटांचा पुरे. एकाच दिवशी दोन तास घासण्यापेक्षा आठ दिवस थोडे थोडे केलेले अंगात अधिक टिकते. दमलेले अंग चुका करते, आणि चुकीची उजळणी हीसुद्धा उजळणीच असते. शरीर काही बरोबर आणि चूक असा निवाडा करीत नाही. जे दहा वेळा कराल, ते धरून ठेवते. वळण चुकीचे पडल्यावर ते मोडायला मग महिने लागतात. लवकर शिकण्याची वाट सावकाश का, ते आता ध्यानात आले असेल.

खोडींचेही बोलू. पहिली, माझीच, भार राखून ठेवण्याची. दुसरी तिच्या उलट, अंग समोरच्याच्या हातांवर टाकून देण्याची. काही मुली स्वतःचे पाय विसरून नुसत्या लोंबकळतात. भार द्यायचा, पण तो आपल्या पायांवर उभे राहून. तिसरी खोड, हातांनी हिसके देण्याची. फिरायचे ते पावलांनी. हात हा दोर आहे, वल्हे नव्हे. चौथी, पायांकडे पाहण्याची. मान खाली गेली, की पाठ वाकते आणि रेष मोडते. नजर जोडीदाराच्या चेहऱ्यावर ठेवा. याने चक्करही कमी येते. आपल्या कानाच्या आत बारीक नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. अंग फिरते तसा तो फिरू लागतो, आणि आपण थांबलो तरी क्षणभर फिरतच राहतो. म्हणून थांबल्यावरही जग फिरताना दिसते. भोवतालच्या पळत्या झाडांकडे पाहिले, की घोटाळा वाढतो. समोरचा चेहरा मात्र आपल्याबरोबरच फिरत असतो, म्हणून तो स्थिर दिसतो. आणि पाचवी खोड, घाईची. साधी फुगडी नीट येण्याआधीच एकहाती फुगडी, दंडफुगडी, बसफुगडी असल्या प्रकारांवर उडी मारायची. मोबाइलवर चार चित्रफिती पाहिल्या, की मुलांना वाटते आले आपल्याला. पण चित्रफितीत वेग दिसतो, पकड दिसते, भार दिसत नाही. तो हातांनीच कळतो.

फुगडीसारखाच दोघांचा एक नाच सातासमुद्रांपलीकडे आहे. त्याचे नाव टँगो. दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिनातले ब्यूनस आयर्स आणि उरुग्वेतले माँटेव्हिडिओ या दोन बंदरांच्या शहरांत तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घडला. युरोपातून पोट भरायला आलेले लोक, आफ्रिकी वंशाचे लोक आणि तेथले रहिवासी अशा सामान्य माणसांच्या वस्त्यांतून तो वर आला. २००९ साली युनेस्कोने मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत त्याची नोंद केली. मी तो नाचलो नाही, पडद्यावर पाहिला आहे आणि त्याविषयी वाचले आहे. त्यात दोघे एकमेकांना मिठीसारखे धरतात. पावले आधी ठरवलेली नसतात. एकजण छातीच्या, अंगाच्या हालचालीने सुचवतो, दुसरा ते ओळखून पाऊल टाकतो. आपल्या फुगडीहून तो पुष्कळच निराळा. पण तेथले जाणते शिक्षक नवशिक्याला काय शिकवतात? आधी नुसते चालायला. आणि खोडी कोणत्या सांगतात? हातांनी ओढणे, जोडीदारावर लोंबकळणे, पायांकडे पाहणे, चालणे येण्याआधी नखरेल पावलांच्या मागे लागणे. हे वाचले तेव्हा मला आमचे अंगण आणि माझी बहीण आठवली. दोन माणसांनी एक तोल सांभाळायचा म्हटले, की दुखणी सगळीकडे सारखीच.

शिक्षक बंधुभगिनींना आणखी दोन-चार गोष्टी सांगतो. जोड्या रोज बदला. एकाच मैत्रिणीशी खेळणारी मुलगी त्या मैत्रिणीची खोड शिकते आणि आपली तिला देते. नव्या हातात हात दिला, की आपले कोठे चुकते ते लगेच कळते. दुरुस्ती एका वेळी एकच सांगा. "मान वर कर, कोपरे सरळ कर, पाय उचलू नको" असे एका दमात सांगितले, तर मुलीचे एकही धड होत नाही. वेगळ्या जोडीत एकमेकींना विचारू द्या, "माझा भार तुला आला का?" या एका प्रश्नाने जे काम होते, ते आपल्या दहा सूचनांनी होत नाही. जागा मोकळी आणि कोरडी असावी. ओले सारवण निसरडे, पायमोज्यांनी गुळगुळीत फरशी निसरडी. अनवाणी पाय उत्तम. मनगट, खांदा किंवा कंबर दुखत असलेल्या मुलाला आणि ज्याला वरचेवर चक्कर येते त्याला बाजूला बसवा, गाणे म्हणायला द्या. आणि हो, मुलग्यांनाही शिकवा. हा फक्त पोरींचा खेळ, असे कोणी म्हणाले, तर त्याला आषाढात दिंडी दाखवा.

एक मात्र कराच. पहिल्याच दिवशी सगळ्यांना एक नियम सांगा, की भीती वाटली तर "बस" म्हणायचे, हात सोडायचा नाही. भीती वाटण्यात लाज नाही. मला वाटली होती. पण भीती बोलून दाखवण्याऐवजी मी हात काढून घेतला, आणि मनगट दुसऱ्याचे दुखावले.

पुढच्या आषाढात मी पुन्हा त्या वाटेवर गेलो. तो वारकरी भेटेल, असे मनात होते. नाव विचारून ठेवले नव्हते, गावही ठाऊक नव्हते. विसाव्याच्या ठिकाणी पुष्कळ वेळ शोधले, तो काही दिसला नाही. मग एका अनोळखी म्हाताऱ्यापुढे मीच हात पसरले. कोपरे सरळ केली, भार दिला, नजर त्याच्या बुक्क्यावर ठेवली. वेग चांगलाच आला. पोटात गोळाही आला. मी "बस, माउली" म्हणालो. तो हसला, आम्ही हळू झालो, सरळ झालो, थांबलो, आणि मग हात सोडले.

श्रोतेहो, पंचमी आता दूर नाही. अंगण झाडून घ्या, आणि ज्यांना फुगडी येते त्यांनी एका तरी न येणाऱ्याला हात द्या. पहिल्या दिवशी मात्र त्याला फिरवू नका. नुसते धरून उभे राहा.